तीनशे चाळीस

लोहाऱ्यात, दारव्हा रोडपासून थोडं आत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत १२० लिटर समुद्र आहे. खरा समुद्र इथून पश्चिमेला शेकडो किलोमीटर. २०२०मध्ये पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायला सांगितलं, मी लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि परत जायचं राहूनच गेलं. जानेवारी २०२१मध्ये टँक बसवला. बाबांनी काचेची पेटी आत येताना पाहिली, पंधरा किलो मिठाची बादली पाहिली आणि आईकडं बघून म्हणाले, "इथं मानसाले प्यायले पानी नाही, अन् हा मासोयीसाठी समुद्र बनवून राह्यला."

त्यांचं चुकत नव्हतं. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळला पाणी पाजणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो की टँकरच्या रांगेत ड्रम लावायचं काम माझ्याकडं. त्या उन्हाळ्यात आईनं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासात वापरलेलं मी पाहिलं आहे. त्यामुळं टँकसाठी आरओ बसवला तेव्हा त्याचं वाया जाणारं पाणी ड्रममध्ये धरायचं, ही आईची अट होती. एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीनेक लिटर बाहेर पडतं. ते आजही धुण्याला आणि अंगणाला जातं.

रीफ टँक म्हणजे प्रवाळांचा टँक. आपल्याकडं त्याला एक कायद्याची बाजू आहे, ती आधी सांगतो. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून ती उचलणं गुन्हा आहे. म्हणून माझ्याकडं दगडी प्रवाळ एकही नाही. खडक चिनीमातीचे. हॅचरीत जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी आहे. हा मासा बंदिस्त पाण्यात वाढवण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडं कधीच बसवून दिलं आहे. आणि पुण्यातल्या एका छंदिष्टानं स्वतःच्या टँकमधल्या वाढीतून कापून दिलेले झोअँथिडचे तुकडे आहेत. झोअँथिड म्हणजे बटणाएवढ्या फुलांचा गालिचा. पाणी बरं असलं की उघडतो, बिघडलं की मिटतो. पण काय बिघडलं ते सांगत नाही. ते आपण मोजायचं.

मोजायचं कशानं, हा पहिल्या महिन्यातला मोठा प्रश्न. परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले तर वाटतं, प्रयोगशाळाच विकत घ्यावी लागेल. क्षारता, तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम. प्रत्येकाचा वेगळा किट. अल्कलिनिटीचा हॅनाचा डिजिटल चेकर तेव्हा मला मासे, खडक आणि दिवा मिळून झालेल्या खर्चाच्या निम्म्यात पडत होता. मी सवयीनं एक शीट उघडली. रकाने केले: किंमत, किती चाचण्या होतात, एका चाचणीचा खर्च, बाटली उघडल्यावर किती महिने टिकते. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. शंभर चाचण्यांचा किट स्वस्त दिसतो, पण वर्षात तीसच चाचण्या होणार असतील आणि मग रसायन जुनं होणार असेल, तर भाव तिप्पट झाला.

मग आणखी एक रकाना जोडला: 'हा आकडा बदलला तर मी काय वेगळं करणार?' त्या रकान्यानं निम्मी यादी कापली. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दगडी प्रवाळं सांगाड्यासाठी खातात; माझ्याकडं ती नाहीत, दर पंधरवड्याला थोडं पाणी बदललं की दोन्ही भरून निघतात. आकडा कळून मी काहीच करणार नव्हतो, तर किट कशाला? नायट्राइट समुद्री माशांना गोड्या पाण्यातल्या माशांइतका जाचत नाही, तोही गेला. अमोनिया मात्र पहिल्या दीड-दोन महिन्यांत हवाच. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू खडकांवर बसायला वेळ लागतो आणि तोवर तो मासे मारतो. त्यासाठी एपीआयचा साधा रंग जुळवायचा किट पुरतो, कारण तिथं प्रश्न 'किती' हा नसून 'आहे की नाही' हा असतो. अल्कलिनिटीसाठी सालिफर्टचा थेंब-थेंब टाकायचा किट घेतला. नायट्रेट आणि फॉस्फेट महिन्यातून एकदा. क्षारतेसाठी दुर्बिणीसारखा दिसणारा, डोळ्याला लावायचा स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर. आणि आरओतून येणारं पाणी तपासायला तीन-साडेतीनशे रुपयांचा टीडीएस पेन.

या सगळ्यात स्वस्त होता तो पेन, आणि सगळ्यांना आवडला तोही पेनच. बुडवला की दोन सेकंदांत आकडा. रंग जुळवायला नको, थेंब मोजायला नकोत. आईनं नळाचं पाणी मोजलं, बोअरचं मोजलं, शेजारच्या काकूंच्या जारचं मोजलं. नोव्हेंबर २०२१मध्ये दिवाळीला मावशीकडं गेलो तेव्हा तो माझ्या खिशातच होता.

मावशीचं गाव केळापूर तालुक्यात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वर्षी मावसभावानं घराजवळ नवी बोअर मारली होती. तोवर सगळं घर गावच्या जुन्या विहिरीचं पाणी पीत होतं. ते पाणी कडक; त्यात डाळ शिजायला वेळ लागायचा आणि पातेल्याला पांढरा थर धरायचा. मी पेन काढला तसे ओट्यावर ग्लास जमले. विहिरीचा आकडा ७८०. बोअरचा ३४०.

"बाबू, कोन्तं चांगलं हाये मंग?" मावशीनं विचारलं.

मी म्हणालो, बोअरचं. डोळे झाकून प्या. पाचशेच्या आत असलं की उत्तम, सरकारी मानकच तसं आहे. हे खोटं नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, विरघळलेल्या एकूण क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. मावशी खूश झाली. "तरीच म्हनलं, दाय इतली चांगली शिजून राह्यली." त्या दिवसापासून विहिरीवरची घागर बंद झाली. मावसभावाचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता, वरणभात खायला नुकताच शिकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात, मे २०२२मध्ये, माझा टँक बिघडला. आमच्याकडचा मे म्हणजे ४५ अंश. चिलर परवडत नाही, म्हणून पाण्यावर पंखे लावून ठेवलेले. पंख्यानं पाणी गार राहतं, पण रोज दोन-अडीच लिटर उडूनही जातं आणि मीठ मागं राहतं. तेवढं शुद्ध पाणी रोज वरून घालायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ दिसलं की झालं. हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ, हा समुद्राचा आकडा. मला रोज ३५ दिसत होतं. तरी झोअँथिड मिटले ते तीन आठवडे उघडले नाहीत आणि एके सकाळी सफाई करणारी कोळंबी तळाला पडलेली सापडली. अमोनिया शून्य. अल्कलिनिटी ठीक. सगळे आकडे बरोबर आणि टँक मरणाला टेकलेला.

दोन रात्री शोधल्यावर कारण सापडलं. आरओचं पाणी घालून रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर आणायचा, असं त्याच्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं, आणि मी ते इमानदारीनं करत होतो. पण शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५वर बरोबर असतंच असं नाही. जिथं मोजायचं, तिथंच पारखून घ्यावं लागतं. त्यासाठी ३५चं तयार द्रावण विकत मिळतं, पण घरीही करता येतं: ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. साध्या मिठाचं हे ३.६५ टक्के द्रावण प्रकाशाला तेवढंच वाकवतं, जेवढं ३५चं समुद्राचं पाणी वाकवतं. सोनारी वजनकाट्यावर मीठ तोललं, द्रावण केलं, एक थेंब काचेवर ठेवला. यंत्र म्हणालं ३२. म्हणजे मला ३५ दिसत होतं तेव्हा टँकमध्ये ३८च्या आसपास होतं.

त्या दिवसापासून मी हे वेड लावून घेतलं. अल्कलिनिटीचा किट पारखायला खायचा सोडा वापरला: २.४ ग्रॅम सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात, मग त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करायचं. या पाण्याची अल्कलिनिटी हिशेबानं ८ डीकेएच येते. माझा किट ८.३ दाखवायचा. हरकत नाही, दर वेळी ०.३ जास्तच दाखवणार असेल तर तो किट चांगला आहे, वजा करून घ्यायचं. महाग यंत्र आणि स्वस्त यंत्र यांत फरक असतोच, पण ठाऊक असलेल्या पाण्यावर पारखलेलं स्वस्त यंत्र न पारखलेल्या महाग यंत्रापेक्षा जास्त उपयोगाचं, हे मी तेव्हा शिकलो. ऑफिसात हेच आम्ही रोज करतो. प्रोग्रामला आधी असं काहीतरी देऊन बघतो, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं.

हे सगळं मी शिकलो, आणि ते १२० लिटरपुरतं ठेवलं. मावशीच्या ओट्यावरचे ग्लास एकदाही आठवले नाहीत.

मे २०२३मध्ये वहिनीचा फोन आला. वहिनी, म्हणजे मावसभावाची बायको, बारावी शिकलेली. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण देतात. त्यांच्या गावच्या पाचांत ती होती. पंचायतीकडं किटची पेटी आलेली. हातपंप, टाकी, विहीर असं सगळं तपासून झाल्यावर तिनं हौसेनं घरच्या बोअरचंही पाणी घेतलं.

"भाऊजी, फ्लोराइडचं पिवळं येऊन राह्यलं."

त्या चाचणीत रसायन घातल्यावर पाणी गुलाबी राहिलं तर फ्लोराइड कमी. जसजसं जास्त, तसा रंग पिवळ्याकडं सरकतो. मी तिला पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, किट जुना असेल, उन्हात राहिला असेल, आपलं पाणी ३४० आहे. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "जुना कसा म्हनाव? त्याच किटनं त्याच टायमाले विहिरीचं पानी केलं, थे गुलाबीच राह्यलं ना."

तिनं ठाऊक असलेल्या पाण्यावर यंत्र पारखलं होतं. कोणी शिकवलं असेल किंवा तिचं तिला सुचलं असेल. मला एक कोळंबी मारून जे कळलं होतं, ते तिनं पहिल्याच दिवशी केलं होतं.

टीडीएस पेन काय करतो, ते मला फोन ठेवल्यावर नीट आठवलं. माहीत नव्हतं असं नाही. दोन टोकांमधून तो वीज सोडतो, पाणी ती किती वाहून नेतं ते बघतो आणि एका ठरावीक गुणकानं गुणून आकडा दाखवतो. पाण्यात किती विरघळलं आहे याचा तो अंदाज. काय विरघळलं आहे याबद्दल एक अक्षर नाही. आरओच्या पाण्याला माझा प्रश्न 'काही शिल्लक आहे का?' एवढाच असतो, आणि त्याला तो चोख उत्तर देतो. मावशीचा प्रश्न वेगळा होता. मी तिच्या प्रश्नाला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

फ्लोराइडचं मानक १ मिलिग्रॅम प्रतिलिटर. दुसरा स्रोत नसेल तर १.५. ३४०च्या ढिगात दोन-अडीच मिलिग्रॅम कुठं दिसणार? खऱ्या समुद्राच्या पाण्यात ३५ हजार मिलिग्रॅम क्षार असतात आणि त्यात फ्लोराइड साधारण १.३. पेनाच्या आकड्याचा फ्लोराइडशी काही संबंध नाही, हे माझ्या खोलीतल्या टँकवरूनही मला सुचायला हवं होतं.

उलट थोडा संबंध असेल तर तो वाईट आहे. कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात फ्लोराइड फार साठू शकत नाही. खोल खडकात बराच काळ मुरलेल्या पाण्यातलं कॅल्शियम निघून त्याच्या जागी सोडियम येतं, तेव्हा पाणी मऊ होतं, डाळ पटकन शिजते, चहा छान लागतो, आणि फ्लोराइडला विरघळून राहायला जागा मिळते. मावशी जिला चांगल्या पाण्याची खूण समजत होती, आणि मी जिच्यावर आकड्याचा शिक्का मारला, ती खूण प्रत्यक्षात शंका घ्यायची होती. आमच्या जिल्ह्याच्या त्या भागात फ्लोराइड आहे हेही काही गुपित नव्हतं. केळापूर, झरी जामणी ही नावं या संदर्भात वर्षानुवर्षं पेपरात येतात. मी ती वाचलेली होती.

मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली. नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत घेतले; फ्लोराइडसाठी काच चालत नाही. बोअरचं पाणी दोन बाटल्यांत भरलं आणि त्यांना वेगवेगळी नावं दिली, विहिरीचं एका बाटलीत. तिन्ही सरकारी प्रयोगशाळेत दिल्या. तिथं इलेक्ट्रोडनं मोजतात, नाममात्र पैशात. निकाल आला: बोअर २.४ आणि २.३, विहीर ०.७. एकाच पाण्याच्या दोन बाटल्यांत एवढाच फरक, म्हणजे मोजणारा हात खात्रीचा. विहिरीचं नायट्रेटही मर्यादेत होतं. वहिनीच्या पेटीतल्या रंगाच्या तक्त्यावर दशांश नव्हते, पण निर्णय तोच निघत होता. माझ्या शीटच्या शेवटच्या रकान्यात तिचा किट पहिला आला असता.

मावशीला सांगायला मी तिच्यासमोर बसलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग आता कोन्तं पानी प्याव आमी?" एवढंच तिनं विचारलं.

विहिरीचं, मी म्हणालो. कडक आहे, पण पिण्याला चालतं. बोअरचं पाणी भांड्याला, धुण्याला, जनावरांखाली धुवायला. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. कपड्यानं किंवा कँडलच्या फिल्टरनंही जात नाही. तुरटी आणि चुना घालून ते खाली बसवायची नालगोंडा पद्धत आहे, नागपूरच्या नीरीनंच ती काढलेली, पण शेजारी चांगली विहीर असताना तो रोजचा खटाटोप नको. घागर परत सुरू झाली. ती घागर मावशी आणत नाही, वहिनी आणते. मी चुकीचा आकडा वाचल्याची शिक्षा तिच्या डोक्यावर गेली. नंतर मावसभावानं विहिरीवर छोटी मोटर आणि पाइप टाकला, त्यातले निम्मे पैसे मी दिले. दुसरी कसली भरपाई मला सुचली नाही.

राहिला मुलगा. दिवाळीपासून पुढच्याच्या पुढच्या मे महिन्यापर्यंत, दीड वर्ष, तो ते पाणी प्यायला. दीड वर्षाचा होता तो तीन वर्षांचा होईपर्यंत. दुधाचे दात तेव्हा आलेले असतात, पण पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत नेमके याच वयात घडत असतात, आणि फ्लोराइडचे डाग त्या घडणीतच पडतात. दंतवैद्य म्हणाले, अठरा महिने आणि २.४, कदाचित काही दिसणार नाही, कदाचित पांढुरके पट्टे दिसतील, कदाचित पिवळसर. आत्ता तपासायला काहीही नाही. दात येईपर्यंत थांबायचं.

टँक आता ठीक आहे. झोअँथिडचा गालिचा मागच्या खडकापर्यंत पसरला. रिफ्रॅक्टोमीटर तोच आहे, महाग घेतला नाही. दर महिन्याला मिठाच्या पाण्यावर पारखतो आणि फरक डबीवर पेन्सिलीनं लिहितो. कोणी नवीन छंदिष्ट विचारतो, कमी पैशात काय काय घेऊ, तेव्हा मी सांगतो: एक सोनारी वजनकाटा आधी घे. मग आपल्याला नक्की काय विचारायचं आहे ते लिहून काढ, आणि तेवढ्यापुरते किट घे. टीडीएस पेन घे, पण तो आरओच्या नळाखालीच टांगून ठेव, खिशात घालून पाहुण्यांकडं नेऊ नकोस. यावर लोक हसतात.

माझा पेन तसाच टांगलेला आहे. मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा तासभर टँकसमोर बसला होता, काचेला नाक लावून. जाताना मला खालचा पुढचा दात दाखवला, थोडा हलायला लागला होता म्हणून. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पडला की फोन करतो तुम्हाले." मी हो म्हणालो. फोन अजून आलेला नाही.